विशीत सुटलेलं घर



आषाढी झाली की दिंड्या आपापल्या गावी परततात. चंद्रभागेच्या वाळवंटात मात्र काही माणसं मागेच राहतात. आमच्या बचत गटातल्या बायका कधी त्यांच्याशी बोलत बसतात. त्यातल्या काहींचं घर कोवळ्या वयातच सुटलेलं असतं. तेव्हा कुणी हात दिला असता तर, असं मनात येतं.

बेवारस लेकराला आसरा देणं पंढरपूरला नवं नाही. इथं न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. मुंबईच्या प्रार्थना समाजानं ते चालवलं. तेच पुढं नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखलं गेलं. लहान लेकराला पाहून आपला जीव कळवळतो. पण तेच लेकरू अठरा वर्षांचं होऊन दारात उभं राहिलं तर?

दोन वर्षांपूर्वी असा एक मुलगा आमच्यातल्या एकीकडे खोली विचारायला आला. नुकताच संस्थेतून बाहेर पडलेला. हॉटेलात काम लागलं होतं. "आईवडील कुठं असतात? जामीन कोण?" असं विचारल्यावर तो खाली बघत राहिला. खोली रिकामी होती, तरी आम्ही "नाही" म्हणालो. पोरगं एसटी स्टँडवर झोपायला लागलं. अंघोळ नाही, कपडे मळलेले, म्हणून आठवड्यात कामही गेलं. हे कळलं तेव्हा आम्हाला घास गोड लागेना.

मग आम्ही पाचजणी जामीन राहिलो. अनामत गटातून भरली. आज तो गॅरेजात काम करतो आणि पाच तारखेला भाडं देतो. दिवाळीला त्यानं कुणाकडं जेवायचं, यावरून आमच्यातच भांडण होतं!

अशा मुलांसाठी कायद्यात सोय आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींना २१ वर्षांपर्यंत, आणि खास परिस्थितीत २३ पर्यंत, आधार देता येतो. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. अनाथ प्रमाणपत्र असेल तर आपल्या राज्यात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण मिळतं. चौकशी सोलापूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायची. अर्ज भरताना सोबत जा. एकट्या पोराला कचेरीची पायरी उंच वाटते. आणि अठराच्या आतलं मूल घाटावर एकटं दिसलं, तर १०९८ ला फोन लावा.

पैसे सरकार देईल. पण "आमच्या ओळखीचा आहे, द्या खोली" हे शब्द आपणच द्यायचे आहेत. वारीत अनोळखी वारकऱ्याला आपण ओसरी देतोच. तीच ओसरी या पोरांना वर्षभर देऊया.

रामकृष्ण हरी.