अंगणातली दीड रेघ

(रेडिओवरील भाषण)



कोल्हापूरजवळच्या एका खेड्यात माझा एक जुना विद्यार्थी राहतो. घरी म्हशी आहेत. दिवसातून दोन वेळा मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून तो डेअरीला दूध घालायला जातो. एका सकाळी आईनं नुकतंच अंगण सारवलं होतं आणि या पठ्ठ्यानं त्या ओल्या सारवणावरूनच गाडी ढकलत बाहेर काढली. आई ओरडली, ते साहजिकच. पण ओरडता ओरडता तिची नजर खाली गेली. म्हणाली, "अरं, तुझ्या गाडीचं मागचं चाक पुढच्याच्या मागनं जात न्हाई. ही रेघ बघ. एक न्हाई, दीड हाय."

पोरानं मला फोन केला. "सर, आई म्हणतीया गाडी वाकडी चालतीया. मिस्त्री म्हणतोय, खुणा बरोबर हायत. आता कुणाचं खरं?"

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना बरीच वर्षं शिकवलं. मी म्हटलं, आईचं खरं. मी येतो.

तो 'खुणा' म्हणाला, त्या कसल्या ते आधी सांगतो. मोटरसायकलचं मागचं चाक एका चिमट्यात बसलेलं असतं. पुस्तकात त्याला स्विंग आर्म म्हणतात, गॅरेजमध्ये चिमटाच. चिमट्याच्या दोन्ही टोकांना लांबट खाच असते, त्या खाचेतून चाकाचा एक्सल आरपार जातो. चेन सैल झाली की एक्सलचा नट ढिला करून दोन्ही बाजूंचे बोल्ट थोडे थोडे फिरवायचे, चाक मागे सरकतं, चेन ताणली जाते. डावी-उजवी बाजू सारखीच सरकावी म्हणून चिमट्यावर बारीक रेघा मारलेल्या असतात. जुन्या बुलेटला बोल्टऐवजी काठाला दाते असलेली शंखाच्या आकाराची पाती असतात. तिथं दाते मोजायचे. हेतू एकच.

आता एक बाजू थोडी जास्त सरकली तर काय होतं? इथं जरा हिशेब करू. चिमट्याच्या दोन टोकांत अंतर असतं साधारण २० सेंटीमीटर. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर साधारण सव्वा मीटर. एका बाजूला एक्सल नुसता २ मिलिमीटर मागे राहिला, तर मागच्या चाकाची रेघ पुढच्या चाकापाशी पोचेपर्यंत सव्वा सेंटीमीटरनं चुकते. २ मिलिमीटर म्हणजे बोल्टच्या नटाचे जेमतेम दोन फेरे. घाईत चुकायला तेवढे पुरतात.

गाडी तरीही चालते, हीच खरी अडचण आहे. माणूस नकळत हँडल किंचित वळतं धरतो, अंगाला सवय होते आणि तक्रार करायला कुणी उरत नाही. तक्रार करते ती चेन. ती स्प्रॉकेटच्या दात्यांना एकाच बाजूनं घासत राहते. चेनचं कव्हर काढून दात्यांच्या कडा बघा. एक कड आरशासारखी चकाकत असेल आणि दुसरी काळी असेल तर समजा. माझ्या विद्यार्थ्यानं वर्षभरात दुसरा चेन सेट टाकला होता आणि दोष देत होता दुधाच्या ओझ्याला.

गेलो. खुणा पाहिल्या. मिस्त्री खोटं बोलत नव्हता, दोन्ही बाजूंना तिसरी रेघ. मग मी त्याच्या आईकडं सुतळी मागितली.

श्रोतेहो, रेडिओवर सुतळी दाखवता येत नाही, तेव्हा थोडं मनानं बघा. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर. मागच्या टायरच्या पाठीमागून सुतळी घेतली आणि तिची दोन टोकं गाडीच्या दोन्ही अंगांनी पुढं आणली. उंची जमिनीपासून चार-पाच बोटं, म्हणजे सुतळी इंजिनाच्या खालून आणि स्टँडच्या दोन पायांच्या मधून मोकळी जाते. कशाला अडखळायला नको. फुटरेस्टला टेकलेली सुतळी फुटरेस्टचीच गोष्ट सांगते. पुढच्या चाकाच्याही पुढं दोन विटा ठेवून टोकं त्यांना बांधली. आधी विटा लांब ठेवायच्या, मग हळूहळू आत आणायच्या. सुतळी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसती लागली की थांबायचं. दाबायची नाही. आता ती दोन्ही बाजूंनी मागच्या चाकाची दिशा दाखवते आहे. गवंडी भिंत बांधताना दोरी लावतो, तेच हे काम.

मग पुढचं चाक सरळ करायचं आणि सुतळीशी त्याचं नातं बघायचं. ज्या गाड्यांचे दोन्ही टायर सारख्याच रुंदीचे असतात, त्यांच्या पुढच्या टायरला सुतळी दोन्ही बाजूंनी नुसती चाटून गेली पाहिजे. मागचा टायर रुंद असेल तर पुढं फट राहणारच. ती डावीकडं आणि उजवीकडं सारखी हवी. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीचे टायर सारखेच होते. डावीकडची सुतळी टायरवर चढून वाकली होती आणि उजवीकडच्या फटीत माझी दोन बोटं आरामात जात होती. आईची दीड रेघ इथं दिसली.

मग खुणांचं काय? उजवी पट्टी काढून तपासली. एक्सल ज्या पट्टीतून जातो आणि जिच्यावरची रेघ चिमट्यावरच्या खुणेशी जुळवायची असते, ती उजवीकडची पट्टी दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची निघाली. जुनी हरवली म्हणून कधीतरी कुणीतरी हाताला आली ती बसवली होती. तिच्यावरची रेघ भोकाच्या मध्यापासून ५ मिलिमीटर सरकलेली. म्हणजे खुणा जितक्या नेमक्या जुळवाव्यात तितकं चाक नेमकं वाकडं! ५ मिलिमीटरला पुढं ३ सेंटीमीटरची चूक. ७ सेंटीमीटर रुंद टायरची रेघ अंगणात १० सेंटीमीटर दिसणार. बाईंनी दीड म्हटलं, ते फार अचूक म्हटलं.

कंपनीतून नव्या आलेल्या गाडीच्या खुणा इतक्या वाईट नसतात, कामाची सुरुवात करायला त्या पुरतात. पण अपघात झालेली गाडी, चिमटा बदललेली गाडी, चार हातांतून फिरलेली गाडी, तिच्या खुणांवर मी तरी विश्वास ठेवत नाही. सुतळी लावायचा कंटाळा असेल तर एक जाड तार घ्या. चिमटा ज्या बोल्टवर झुलतो त्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत ती मापून वाकवा, तीच दुसऱ्या बाजूला लावून बघा. दोन्हीकडं अंतर सारखं आलं म्हणजे झालं.

कधी कधी मात्र दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात. सुतळी म्हणते चाकं एका रेषेत आहेत, आणि मागून चेनवर डोळा लावून पाहावं तर चेन तिरकी. अशा वेळी बोल्टशी झटापट करू नका, दुखणं वेगळं असतं. पंक्चर काढताना एक्सलवरचे स्पेसर डावीकडचे उजवीकडं बसले असतील, स्पोक ताणताना रिम एका बाजूला ओढली गेली असेल, किंवा चिमटाच वाकला असेल. आणि काहीही मोजण्याआधी चाक धरून आडवं हलवून बघावं. चिमट्याचे बुश झिजून ते खडखडत असेल तर बाकी सगळं मोजणं फुकट. आणि चाक 'आउट' असणं, म्हणजे फिरताना डुलणं, हा निराळाच आजार आहे. गॅरेजमध्ये लोक या दोन्हींची सर्रास गल्लत करतात.

आम्ही योग्य पट्टी आणून बसवली, पुन्हा सुतळी लावली, नटाला सहाव्या-सहाव्या हिश्शाचा फेरा देत चाक रेषेत आणलं. चेन दोन ते तीन सेंटीमीटर वरखाली हलावी एवढी सैल ठेवली. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत असतो. चाक फिरवत जिथं चेन सगळ्यात ताठ लागते तिथंच हे माप घ्यायचं, कारण झिजलेली चेन सगळीकडं सारखी नसते. मग एक्सल आवळला. आवळताना तो हमखास थोडा सरकतो, म्हणून आवळल्यावर परत एकदा सुतळी. चाक मागं सरकलं की ड्रम ब्रेकचा रॉड ताणला जातो, तोही सैल करून घेतला. हे सगळं इंजिन बंद ठेवून. इंजिन चालू ठेवून, फडकं धरून चेन पुसणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या एकाची बोटंही मोजली आहेत.

काम संपलं तेव्हा दूध घालायची वेळ झाली होती. पोरगा कॅन भरू लागला. मी विटांची सुतळी सोडत होतो, तोवर त्याची आई येऊन उभी राहिली. मला वाटलं, काहीतरी विचारतील. "सर, सुतळी द्या माघारी," त्या म्हणाल्या, "पेंडीचं पोतं बांधायचं हाय."