बखर, पत्र आणि आपला कान



ऊन उतरायची वाट पाहून आपण सारे आलात. बुराई नदीकडून वारा सुटायला अजून अवकाश आहे, त्यामुळे मी फार लांबण लावणार नाही. वाचा, भरपूर वाचा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. वाचलेलं पारखायचं कसं, ते सांगायला कोणी बसत नाही. बाजार समितीत कापूस नेला की व्यापारी ढिगात हात घालून ओल बघतो, बोटांत धागा ओढून बघतो आणि मग भाव बोलतो. छापलेल्या कागदाला आपण असा हात लावत नाही. छापलं म्हणजे खरं, आणि मोठ्या नावाखाली छापलं म्हणजे चांगलंही, असं धरून चालतो.

कागदाला असा हात लावणारा एक माणूस आपल्या धुळ्यातच वारला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. इतिहाससंशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. आपल्यापैकी किती जण आत जाऊन आले, हे मी विचारत नाही. मीही धुळ्यात शिकत असताना त्या दारावरून नुसता जात होतो.

राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यात पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांची पत्रं आहेत. तोवर पानिपत म्हणजे बखरीत वाचलेलं पानिपत. राजवाड्यांनी बखर एका हाताला ठेवली, पत्रं दुसऱ्या हाताला, आणि दोन्ही ताडून पाहिली. सगळी कला या ताडून पाहण्यात आहे.

पत्र आणि बखर यांत फरक कसला? पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते ठाऊक नसतं. पानिपतच्या मोहिमेत भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांना लिहितात तेव्हा त्यांची निकड पैशाची आहे, रसदेची आहे. १४ जानेवारी १७६१ हा लढाईचा दिवस त्यांच्यासमोर नाही. बखरकाराच्या समोर मात्र तोच दिवस आहे. लढाई होऊन गेल्यावर तो लिहायला बसलाय. शेवट ठाऊक असलेला माणूस सुरुवातीपासून चिन्हं पेरत जातो, कोणाचा तरी दोष आधीच ठरवून ठेवतो, बंद तंबूत दोघेच बोलत असले तरी त्यांचं बोलणं शब्दशः सांगतो. असं बोलणं दिसलं की विचारायचं, बाबा रे, तू कुठे बसला होतास? वर्तमानपत्रातल्या बातमीला आणि थोर माणसाच्या चरित्रालाही हाच प्रश्न लागू पडतो. चरित्राला तर जास्तच.

पण इथे घोटाळा होतो. बखर पुरावा म्हणून लंगडी ठरली, म्हणून ती टाकून द्यायची का? भाऊसाहेबांची बखर मराठी गद्यातली फार उंच वस्तू आहे. तिचा वेग, तिची वाक्यं, माणसं उभी करण्याची तिची रीत, हे सगळं आजच्या कितीतरी ऐतिहासिक कादंबऱ्यांना जमलेलं नाही. म्हणजे प्रश्न दोन आहेत. हे खरं आहे का, आणि हे चांगलं लिहिलंय का. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवायचं नाही. आपण नेमकं तेच करतो: मजकूर आवडला की तो खरा वाटतो, आणि लेखक आपल्या बाजूचा असला की त्याचं रटाळ लिखाणही गोड लागतं.

खुद्द राजवाड्यांनाही त्यांचीच कसोटी लावायला हवी. बीडजवळच्या पाटांगणला त्यांना ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे असं म्हणून १९०९ मध्ये त्यांनी ती छापली. पुढे तिच्या जुनेपणावर अभ्यासकांचे वाद झाले. शब्दांच्या व्युत्पत्ती लावताना तर राजवाड्यांचा घोडा कधीकधी पार उधळतो. पुरावा मागणारा माणूस स्वतःच्या लाडक्या कल्पनेपाशी आला की पुरावा मागायचा विसरतो. मला हे वाचून त्यांच्याविषयी जवळीकच वाटली.

आता आपल्या भागाकडे येतो. बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म १८८०. लिहिता-वाचता येत नव्हतं. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ मध्ये गाणी पुस्तकरूपाने आली. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, तरी आईच्या गाण्यांची वही पुढे करायला बिचकत होता. आचार्य अत्रे सासवडचे, ही बोली त्यांच्या घरची नव्हे, तरी त्यांनी गाण्यांचं मोल ऐकताक्षणी ओळखलं. पारख कधीकधी अशी परक्या कानाला होते.

पण बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असं छापलेलं तुम्ही कितीदा वाचलंत? मी तर भाषणांतही ऐकलंय. मंडळी, हे तपासायला तुम्हांला विद्वान लागत नाही. तुम्ही बुराईकाठची, अहिराणी बोलणारी माणसं. तुमच्या बोलण्यात ‘शे’ येतो. ‘घरना’, ‘घरनी’ येतं. बहिणाबाईंची गाणी मोठ्याने वाचा आणि हा ‘शे’ कुठे सापडतो का पाहा. ‘माले’, ‘तुले’ सापडेल, आणि त्यानेच माणसं फसतात. पण ती बोली लेवा, यावल-जळगावकडची. हे पुण्यातल्या वाचकाला कळायला अवघड जाईल, तुम्हांला पाच मिनिटं पुरतील. मोबाइलवर कुसुमाग्रजांच्या आणि पु. लं.च्या नावावर जे काय फिरतं, तेही असंच मोठ्याने वाचून पाहावं. नाव झाकून वाचावं. दोन ओळींतच जीभ अडखळते.

माझी आत्या शाळेत गेली नाही. कापूस वेचण्यात जन्म गेला. एकदा दुपारी मी तिला एक छापील गोष्ट वाचून दाखवत होतो. आपल्याच भागावरची, लिहिणारा शिकलेला. गोष्टीतली बाई श्रावणातल्या झडीत शेतात कापूस वेचत होती, आणि तिचं दुःख सांगायला लेखकाने आभाळही तिच्यासोबत रडवलं होतं. मला ते फार आवडलं होतं, म्हणून आवाज जरा कापराही केला. आत्याने शेंगा फोडायचं थांबवलं.

“सावनमा कापूस कोन येचस रे भाऊ?”

मी पुस्तक मिटू लागलो. तिने हात धरला. “वाच आते फुडे,” म्हणाली. गोष्ट संपेपर्यंत तिने मला आणखी दोनदा थांबवलं.