थंडगार पिंप आणि साखरेचा हिशेब

14 ऑक्टोबर 1978 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि तिथल्या लोकांना घरच्या घरी बिअर बनवायची मोकळीक मिळाली. एकट्या प्रौढाच्या घराला वर्षाला 100 गॅलन, दोघं किंवा जास्त असतील तर 200. महाराष्ट्रात परवान्याशिवाय असला उद्योग केला तर पोलीस दारात येतील, तेव्हा आपण फक्त ऐकायचं.

तिकडचा हौशी माणूस साधारण 19 लिटरचं पिंप लावतो. आंबवण संपली की ते दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये 2 अंशांवर ठेवतो. यीस्ट तळाशी बसतं, वरची बिअर नितळ होते. मग बाटल्या भरायच्या दिवशी तो अडतो: हे गार पिंप आधी कोमट होऊ द्यायचं का?

गरज नाही. थंडीत यीस्ट मरत नाही, झोपतं. भरलेल्या बाटल्या दोन आठवडे 20 अंशांच्या आसपास ठेवल्या की ते जागं होतं, भरताना घातलेली साखर खातं, वायू सोडतं आणि बिअरला फेस येतो. उलट पिंप हलवलं, तापवलं, तर बसलेला गाळ पुन्हा वर.

खरी गफलत होते साखर मोजताना. गार द्रवात वायू जास्त विरघळतो, म्हणून साखरेच्या तक्त्यात बिअरचं तापमान विचारलेलं असतं. नवखा माणूस थर्मामीटर बुडवून 2 लिहितो. तक्ता समजतो, वायू भरपूर आहे; आणि 60 ग्रॅमच्या आसपास साखर सांगतो. पण बिअर आंबली 20 अंशांवर. जादा वायू तेव्हाच बुडबुड्यांवाटे उडून गेला. नंतर गार केल्यानं तो थोडाच परत येतो? पिंपात वर कोंडलेला थोडासा पुन्हा विरघळेल, बस्स. म्हणून तक्त्यात आंबवण संपता संपताचं सर्वांत जास्त तापमान लिहायचं. मग उत्तर 115 ग्रॅमच्या घरात येतं. नाहीतर दोन आठवड्यांनी मोठ्या आशेनं झाकण उघडावं आणि फुस्ससुद्धा होऊ नये!

आंबवण पुरती संपण्याआधीच पिंप गार केलं, तर मात्र धोका उलटा. उरलेली साखर आणि नवी साखर मिळून बाटलीच फोडतात. त्यासाठी द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस जागचा हलत नाही ना, एवढं पिंप फ्रिजमध्ये ठेवण्याआधीच पाहायचं.