टेबलावर काय मांडायचं



सर्पमित्रांचा, साहित्य विक्रेत्यांचा आणि घरी इग्वाना, कासव, अजगर सांभाळणाऱ्या हौशी मंडळींचा हा मेळावा मोहन्यात भरतोय हे फार योग्य झालं. इथली एनआरसी कंपनी 2009 साली बंद पडली. एवढं मोठं आवार ओस पडलं की झाडोरा माजतो, पडक्या भिंतींत उंदीर होतात, आणि उंदरांमागून धामण, नाग, घोणस येणारच. शेजारी उल्हास नदी आहे, तिच्या काठाला दिवड आहे. आंबिवली, अटाळी, टिटवाळ्यापर्यंत नव्या इमारती उठतायत. साप आणि माणूस इतके जवळ राहतात तिथे या विषयावर बोलणं ही हौस नाही, गरज आहे.

पुढच्या वर्षी परदेशात भरतं तसं जिवंत प्राण्यांचं, खरेदी-विक्रीचं मोठं प्रदर्शन घ्यावं, अशी सूचना तरुणांनी पुढे आणली आहे. मी तिच्यावरच बोलणार आहे. जर्मनीत हाम या गावी असा मोठा बाजार भरतो, अमेरिकेत फ्लोरिडातही भरतो. ओळीनं टेबलं, प्लॅस्टिकच्या डब्यांत साप, सरडे, पाली, वर किंमत. त्यांच्याकडची निगा, जातींची माहिती, अवजारं, यांतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्याच फ्लोरिडात पाळण्यासाठी आणलेले ब्रह्मी अजगर सुटले, सोडले गेले आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांनी बस्तान बसवलं. तिथले ससे, रॅकून दिसेनासे होत गेले. आपल्याकडेही लाल कानाचं अमेरिकी कासव नाण्याएवढं असताना विकत घेतात आणि ताटाएवढं झालं की गावच्या तळ्यात सोडून येतात. विकणाऱ्यानं ते केवढं होणार हे सांगितलेलं नसतं.

आता कायद्याचं. आपला देशी साप पकडून मांडणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, हे इथं सर्वांना माहीत आहे. तारा कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, मांडूळ विकणं गुन्हा आहे. पण एक कलम अनेकांच्या नजरेतून सुटतं. बंदिस्त प्राणी लोकांना दाखवण्यासाठी ठेवलेली जागा, मग ती कायमची असो वा फिरती, कायद्याच्या व्याख्येत प्राणिसंग्रहालय ठरते. म्हणजे हॉल दोन दिवस भाड्यानं घेऊन तिकीट लावून अजगर मांडला, तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता कुठे आहे, असं विचारलं जाईल. मला हे कलम जाचक वाटत नाही. दोन दिवस माणसांच्या गर्दीत, दिव्याखाली, ढोलाच्या दणक्यात डब्यात बसलेल्या प्राण्याचे काय हाल होतात हे आपण जाणतो. साप ओरडत नाही, म्हणून ते लोकांना कळत नाही.

बत्तीस शिराळ्याचा धडा आपल्यासमोर आहे. नागपंचमीआधी नाग पकडायचे, मडक्यांत ठेवायचे, मिरवायचे, नंतर सोडायचे. उच्च न्यायालयानं ते थांबवलं. 2025 साली केंद्रानं 21 नाग पकडायची परवानगी दिली, तीही शिक्षणासाठी, मिरवणुकीसाठी नव्हे. शिराळकरांची नागावरची श्रद्धा खरी आहे, त्यांना साप कळतो, याबद्दल मला शंका नाही. तरीही नाग बिळात राहिला तरच ती श्रद्धा टिकेल, असं माझं स्पष्ट मत आहे. सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे 1980 साली पुण्यात 72 विषारी सापांसोबत 72 तास काचेच्या खोलीत राहिले. साप उगीच चावत नाही हे लोकांना पटवायला तेव्हा तेवढं करावं लागलं, आणि पुढे 1986 साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. आज मोबाइलच्या कॅमेऱ्यासाठी नागाचा फणा तोंडाजवळ धरणाऱ्या पोरांनी तो वारसा सांगू नये. अशा पोरांचे मृत्यू आपण ऐकले आहेत.

मग प्रदर्शन नको का? हवं, आणि धुमधडाक्यात हवं. विक्रेत्यांनी यावं, हौशींनीही यावं. ज्यांच्या घरी बॉल पायथन किंवा हिरवा इग्वाना आहे, त्यांच्याकडे चोर म्हणून बघणं थांबवू या. 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनंतर अशा प्राण्यांची नोंद परिवेश पोर्टलवर करावी लागते, पिल्लं झाली तर त्यांचीही. नोंदीचे अर्ज भरून देणारं टेबल प्रवेशद्वाराशीच असावं. माणूस घाबरून प्राणी लपवतो, मग डॉक्टरकडेही नेत नाही.

डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये वाढलेला एक इग्वाना मी हातात घेतला होता. खालचा जबडा रबरासारखा दबत होता, मागच्या मांड्या टणक फुगलेल्या. मालकाला वाटत होतं, पोर छान भरलंय. हाडातला कॅल्शियम निघून गेला होता. खिडकीतलं ऊन मिळतंय ना, असं त्यानं विचारलं; पण अतिनील-ब किरणं काचेतून येत नाहीत. ती देणाऱ्या ट्यूबचा उजेड दिसत राहतो, पण किरणं आधीच कमी होतात, म्हणून ती वेळेवर बदलावी लागते. ट्यूब विकणाऱ्यानं एवढं सांगितलं, तरी एक जनावर वाचेल.

सर्पमित्रांच्या साहित्याला मधली जागा द्या: हूक, गमबूट, जाड कापडी पिशव्या, पाइप. पाइपच्या टोकाला पिशवी बांधून तोंड सापासमोर ठेवलं की अंधार बघून साप आपण होऊन आत सरकतो, हात लावावा लागत नाही. हे रबरी साप घेऊन दाखवा, शंभर वेळा दाखवा. चिमटा दाबून मानेचे मणके मोडणारी पकड मात्र विकायला ठेवू नका.

आणि एक टेबल दवाखान्याचं. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. केंद्राच्या 2024 च्या कृती आराखड्यात हे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरलं आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे त्याला पित्त समजतात. घोणस चावली असेल तर काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनल्याचं कळतं. हे लोकांना माहीत असू दे. आवळपट्टी नको, चिरा नको, मांत्रिक नको. हात-पाय हलू न देता तडक प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात.

तेव्हा संयोजकांना माझी विनंती अशी: पुढच्या वर्षीच्या टेबलांचं बुकिंग उघडण्याआधी इथपासून टिटवाळ्यापर्यंत आणि कल्याणपर्यंत कोणत्या दवाखान्यात प्रतिसर्पविष रात्रीही मिळतं, याची यादी प्रत्यक्ष जाऊन करा. ती छापायचा खर्च विक्रेत्यांच्या भाड्यातून निघेल. वनखात्याला पत्र आजच जाऊ दे. मसुद्यावर सही करून मी तो सचिवांकडे दिला आहे.