पुं-संप्रेरकाचे उपचार : निर्णयाआधी



आजच्या विषयावर माणसे सहसा दार लोटून घेतल्यावरच बोलतात. काही वर्षांपूर्वी अडतीस वर्षांचे एक शिक्षक माझ्याकडे आले. हातातील कागदावर टेस्टोस्टेरॉनचा आकडा होता २६० आणि त्याखाली तांबड्या शाईची रेघ. थकवा येतो, कामेच्छा मंदावली आहे, लग्नाला दोन वर्षे झाली तरी मूल नाही. तेव्हा आजच इंजेक्शन सुरू करा, असा त्यांचा आग्रह. रक्त केव्हा दिले होते, असे मी विचारले. दुपारी चारला, शाळा सुटल्यावर, भरल्या पोटी.

हे संप्रेरक सकाळी रक्तात सर्वाधिक असते आणि दिवस चढतो तसे उतरते. खाण्यानेही ते काहीसे घटते. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासल्यावाचून निदान करू नये. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली दर डेसिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅम ही सीमारेषा सुचविली. परंतु लक्षणे आणि आकडा या दोहोंची साक्ष जुळल्याखेरीज तिला अर्थ नाही. शिवाय आकडा खरोखरच कमी असला, तरी तो का कमी झाला हा प्रश्न उरतोच. स्थूलपणा, झोपेत श्वास अडखळणे, काही वेदनाशामक औषधे, पोष ग्रंथीतील गाठ, यांपैकी काहीही त्याच्या मुळाशी असू शकते. शिक्षकमहाशय स्थूल होते आणि रात्री मोठ्याने घोरत. मी त्यांना पुन्हा सकाळी यावयास सांगितले. ते रागावले आणि दुसरीकडे गेले.

आठ महिन्यांनी ते परतले, या वेळी पत्नीसह. इंजेक्शने चालू होती, उत्साहही वाढला होता. मात्र वीर्यात एकही शुक्राणू आढळला नव्हता.

असे का व्हावे? मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी वृषणांना सतत निरोप धाडीत असते. टेस्टोस्टेरॉन बाहेरून आले की तिला वाटते, माल पुरेसा आहे. ती निरोप धाडणे थांबविते. शुक्राणूंच्या निर्मितीला वृषणाच्या आत हे संप्रेरक रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक लागते. ते आटले की निर्मिती खुंटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या चाचणीचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले, तिच्यात याच संप्रेरकाची इंजेक्शने पुरुषांसाठी संततिप्रतिबंधक म्हणून वापरली होती! पुरुषत्वासाठी घेतलेले औषध पितृत्वाच्या आड येते, ही गोष्ट या गृहस्थांना कोणीही सांगितली नव्हती.

इंजेक्शने बंद केली. चौदा महिन्यांनी शुक्राणू पुन्हा दिसू लागले. ते चौदा महिने त्या घरात कसे गेले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

तारुण्य परत आणण्याचा मोह जुनाच आहे. १८८९ साली ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला आणि आपल्याला नवी शक्ती आल्याचे पॅरिसमध्ये जाहीर केले. त्या पाणीदार अर्कात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नव्हतेच.

याचा अर्थ हे औषध वाईट, असा मुळीच नाही. पोष ग्रंथीवर शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या एका रुग्णाचा आकडा दोन्ही सकाळी फारच खाली होता. त्याला ते नाकारणे हा अन्याय ठरला असता. उतारवयातील पुरुषांचा प्रश्न अधिक अवघड आहे. हृदयविकार असलेल्या किंवा तो होण्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत. पण हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक दिसले. रक्तही दाट होते. तांबड्या पेशींचा वाटा शेकडा ५४ च्या वर गेला तर औषध थांबवावे लागते. प्रोस्टेट ग्रंथीवर लक्ष ठेवावे लागते, ते वेगळेच.

तेव्हापासून औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी मी विचारतो, मुलेबाळे हवी आहेत का? आणि हा प्रश्न शक्यतो दोघांना एकत्र बसवून विचारतो.

आता आपल्या शंका घेऊ. उठून उभे राहण्याचा संकोच वाटत असेल, तर नाव न घालता कागदावर लिहून पुढे पाठवा.