आजीचाही एक रविवार

प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार मातेस पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळाली. ती संपताच बाळ आजीच्या मांडीवर येते. आजीच्या सेवेला मात्र ना साप्ताहिक सुटी, ना निवृत्ती! तिच्या गोष्टींना, श्लोकांना संस्कार म्हणून गौरविले जाते. पण दुखरे गुडघे, अपुरी झोप, सुटलेले भजनी मंडळ कोणाच्या ध्यानी येते?

मातृशक्तीचे पूजन केवळ शब्दांनी होत नाही. घरातील कर्त्यांनी तिच्या कामाचे तास ठरवावेत, रविवार तिचा राखावा, रक्तदाब-साखरेची तपासणी चुकवू नये. सत्तरी पूर्ण झाली असल्यास २०२४ मध्ये सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड काढून द्यावे. आणि सर्वांत आधी विचारावे, “आई, तुम्हाला झेपेल ना?” तिचे ‘नाही’ही तितक्याच आदराने स्वीकारावे.