बंबाचें धुराडें आणि पावसाचें पाणी

श्रोतेहो, मृग लागण्याच्या सुमारास आपण कवेलू चाळून घेतों, पन्हळी साफ करतों, गच्चीच्या भेगा बुजवितों. परंतु न्हाणीघरांतील बंबाच्या किंवा गॅस-गिझरच्या नळीचें तोंड बाहेर उघड्यावर असतें, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. यवतमाळ जिल्ह्याचा पाऊस एरवीं बेताचा. पण तो एकदम कोसळतो. २०२३ च्या जुलै महिन्यांत महागांव तालुक्यांत अडकलेल्या माणसांसाठीं हवाई दलाचीं हेलिकॉप्टरें पाठवावीं लागलीं होतीं, हें आपणांस आठवत असेल. तशा पावसांत ज्या नळीवर टोपी नाहीं, तिच्यांत पाणी शिरणारच.

मात्र तें किती शिरतें याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. नळी १० सेंटिमीटर व्यासाची धरली, तर तिच्या तोंडाचें क्षेत्रफळ सुमारें ७८ चौरस सेंटिमीटर होतें. दिवसभरांत १०० मिलिमीटर पाऊस झाला, तरी सरळ तोंडांतून आंत येणारें पाणी पाऊण लिटराहून किंचित् अधिक. तेव्हां बंबाखालीं अर्धी बादली पाणी सांचलेलें आढळलें, तर दोष नळीच्या तोंडाचा नव्हे. नळी छपरांतून जेथें बाहेर पडते, त्या सांध्याचा आहे. छपरावरचें पाणी तेथें अडतें आणि नळीच्या अंगावरून ओघळत घरांत उतरतें. पुष्कळ लोक हा सांधा नुसत्या सिमेंटनें लिंपतात. नळी तापली कीं फुगते, निवली कीं आकसते. मग सिमेंट किती दिवस टिकणार? तेथें पत्र्याची रुंद झालरच हवी, आणि ती वरच्या ओळीच्या कवेलूंखालीं व खालच्या ओळीच्या कवेलूंवर अशी बसविली पाहिजे.

दुसरी एक फसगत गॅस वापरणाऱ्यांची होते. गॅस जळतांना वाफ निर्माण होते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरांतील गॅस पुरता जळला, तर त्यापासून सुमारें २२ लिटर पाणी तयार होतें. त्यांतील बहुतेक धुराबरोबर बाहेर जातें; पण नळी लांब आणि थंड असली तर कांहीं आंतच थिजून ठिबकूं लागतें. पाऊस नसतांना, गिझर चालविल्यावर नळी ठिबकत असेल, तर तें हें पाणी. पाऊस पडल्यावर, गिझर बंद असतांनाही ठिबकत असेल, तर तें आभाळाचें. एवढें पाहिल्यावांचून कारागिरास छपरावर चढवूं नये.

आतां बंबाकडे वळूं. आपल्या भागांत जळणाला पऱ्हाटी आणि तुराटी मुबलक. त्यांच्या राखेंत क्षार असतात. एके काळीं राखेच्या पाण्यानें कपडे धुतले जात, तें याच क्षारांमुळें. ही राख भिजली कीं तिचा चिखल होऊन लोखंडी जाळीवर थापला जातो, जाळी गंजते आणि खालून येणारी हवा कोंडते. वर नळीही ओली आणि थंड. मग धूर वर ओढला जाण्याऐवजीं न्हाणीघरांत परततो.

पण श्रोतेहो, ज्या गोष्टीसाठीं मी आज बोलत आहें, ती याहून गंभीर आहे. पाणी येऊं नये म्हणून घरांतलीं माणसें धुराड्याच्या तोंडांत गोणपाट कोंबतात, त्यावर डबा उपडा घालतात, आणि चार दिवसांनीं तें विसरून बंब पेटवितात. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या इंधनांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट बिलगतो. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें. पुढें पायांतील शक्ति जाते, आणि आंत असलेल्या माणसास कडी काढण्याचेंही त्राण उरत नाहीं. बंद न्हाणीघरांत गिझर चालू ठेवून गेलेल्या तरुण माणसांच्या वार्ता दर हिवाळ्यांत वृत्तपत्रांत येतात, त्यांचें कारण बहुधा हेंच. असें कोणी आढळल्यास प्रथम दार-खिडक्या उघडाव्या, त्यास मोकळ्या हवेंत आणावें आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चेहऱ्यावर पाणी शिंपडीत बसण्यांत वेळ दवडूं नये.

तेव्हां पाणी अडवावयाचें, पण धूर अडवावयाचा नाहीं. त्यासाठीं नळीवर पत्र्याची टोपी उंच पायांवर बसवावी. टोपी आणि नळी यांच्यामधील अंतर व्यासाच्या चौथाईइतकें ठेवलें, तर बाजूची मोकळी जागा जेमतेम तोंडाइतकी होते. म्हणून तें निम्मे तरी असावें. १० सेंटिमीटरच्या नळीस ५ सेंटिमीटर. बंबाची नळी चढतीच हवी, त्यामुळें तिच्यांत पडलेलें पाणी खालींच येणार. त्याच्यासाठीं तळाशीं त्रिमुखी सांधा आणि काढतां येण्याजोगें झांकण ठेवावें. पंख्याच्या गिझरची आडवी नळी मात्र बाहेरच्या बाजूस किंचित् उतरती असावी. आणि अशा नळीचाही गिझर न्हाणीघराबाहेर बसविणेंच उत्तम, असें माझें स्पष्ट मत आहे. जागेची अडचण सांगणाऱ्यांस मी तो मुळींच न घेण्यास सांगेन.

पावसाळ्यानंतर बंब प्रथम पेटवितांना राख खरवडून काढावी, नळींतून हात किंवा काठी घालून चिमणीचें घरटें नाहीं ना तें पाहावें. बंबांत पाणी आधीं भरलेलें असावें, नाहीं तर सांध्याचें डाक वितळेल. मग दार सताड उघडें ठेवून पऱ्हाटीचा लहानसा जाळ करावा आणि पेटत्या काडीची ज्योत नळकांड्याच्या तोंडाशीं धरावी. ती आंत ओढली गेली तर नेहमीचें जळण घालावें. बाहेर झुकली तर जाळ विझवून नळी उतरवावी.